आपल्या रानचा माल, आपल्या पाटीत

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत: स्वतःच्या शेतात पिकलेली हंगामी भाजी आणि फळे शेतकऱ्याने स्वतः बाजारात बसून विकणे. काही पत्रे विकणाऱ्यांची आहेत, काही विकत घेणाऱ्यांची. त्यांतील सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत. माझे बालपण आईबरोबर आठवडी बाजारात, भाजीच्या पाटीशेजारी बसून गेले, त्यामुळे या पत्रांना उत्तरे देताना मला तटस्थ राहता आलेले नाही, हे आधीच सांगतो.

प्रश्न: आमची पुरंदर तालुक्यात दोन एकर बागायत आहे. गेल्या वर्षापासून आम्ही दर रविवारी पुण्यातील एका शेतकरी आठवडे बाजारात बसतो. आम्ही फक्त आमच्या रानातले आणतो, त्यामुळे कधी चार जिनसा असतात, कधी दोनच. गिऱ्हाईक येते, बटाटे आणि टोमॅटो आहेत का विचारते आणि नाही म्हटले की पुढे जाते. आजूबाजूचे काही जण पहाटे मार्केट यार्डातून माल उचलून आणतात आणि शेतकरी म्हणूनच विकतात. त्यांच्याकडे गर्दी असते. आमच्या घरचे म्हणतात, आपणही थोडा माल तसाच आणू. मला ते पटत नाही, पण रिकामी पाटी घेऊन बसणेही परवडत नाही. आम्ही काय करावे? (एक शेतकरी भगिनी, पुरंदर तालुका)

उत्तर: ताई, यार्डातला माल आपल्या पाटीत मिसळू नका. हे मी केवळ सचोटीच्या भावनेने म्हणत नाही, तर त्यात आपले व्यवहारातलेही नुकसान आहे म्हणून म्हणतो.

आपल्यापुढे येऊन उभे राहणारे गिऱ्हाईक घराजवळच्या भाजीवाल्याला ओलांडून आलेले असते. त्या भाजीवाल्याकडे बटाटे, टोमॅटो, कोबी सगळे आहे आणि रोज आहे. तरीही ते रविवारची सकाळ खर्च करून आपल्याकडे येते, कारण ही मेथी कधी उपटली, तिच्यावर काय फवारले आणि पाणी विहिरीचे की कालव्याचे, हे सांगू शकणारी व्यक्ती त्याला तिथे भेटते. यार्डातून आणलेल्या टोमॅटोविषयी आपण यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ शकणार नाही. मग खोटे तरी सांगावे लागेल किंवा गप्प तरी बसावे लागेल, आणि टोमॅटोबद्दल एकदा शंका आली की ती मेथीवरही जाते. शिवाय रोज पहाटे यार्डात उभे राहून माल पारखणे, तो दिवसभरात खपवणे आणि उरलेल्याचे दुसऱ्या दिवशी काय करायचे ते जाणणे हा एक स्वतंत्र धंदा आहे, आणि तो करणारी माणसे वर्षानुवर्षे त्यात मुरलेली असतात. आठवड्यातून एकदा त्यांच्याशी भावात स्पर्धा करून आपण टिकणार नाही.

तरीही आपली अडचण खरी आहे, कारण दोन जिनसांची पाटी गिऱ्हाइकाला थांबवत नाही. यावर मला दोन उपाय दिसतात. पहिला आपल्या लागवडीच्या नियोजनाचा आहे आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहितो. शहरातले गिऱ्हाईक हंगाम विसरले असेल, पण सणवार विसरलेले नाही, आणि आपले बहुतेक सणवार त्या त्या हंगामाची भाजी मागतात. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा परिपाठ असल्यामुळे अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण आणि मक्याचे कणीस हे सगळे एकाच दिवशी लागते, आणि तेही प्रत्येक घराला पाव-अर्धा किलोच. हा मेळ एका ठिकाणी, थोडाथोडा करून जो देतो त्याच्यापुढे गर्दी होतेच. त्यानंतर पितृपंधरवड्यात गवार, कारली, भेंडी, भोपळा आणि अळूची मागणी अचानक वाढते आणि गवारीचा भाव तर त्या दिवसांत हमखास चढतो. नवरात्रात उपवासाची रताळी, दसऱ्याला झेंडू, आणि मग पौषात भोगी येते. भोगीच्या भाजीला वालाच्या शेंगा, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी आणि शेंगदाणे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या सुगडात घालायला बोरे, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे हवे असतात. यातली निम्मी पिके दोन एकरांच्या बागायतीत बांधावर, पाटाच्या कडेला किंवा दोन-दोन वाफ्यांत सहज येतात. बांधावरचा झेंडू आणि परसातला अळू यांना आपण पीक म्हणून मोजत नाही, म्हणून बाजाराला निघताना ते आपल्या ध्यानात येत नाहीत.

सणाची तारीख धरून मागे मोजत गेले की पेरणीचा दिवस सापडतो. मेथी साधारण महिन्याभरात निघते, भेंडी आणि गवारीचा पहिला तोडा दीड-दोन महिन्यांनी येतो, पावट्याला त्याहून अधिक काळ लागतो. पालेभाजी मात्र एकाच दिवशी सगळी पेरू नका, दर आठवड्याला दोन वाफे टाका, म्हणजे दर रविवारी कोवळी जुडी हाती येईल. यार्डासाठी पिकवताना एकदम निघणारा गाडीभर माल हवा असतो आणि आठवडी बाजारासाठी पिकवताना थोडा पण न खंडणारा माल हवा असतो, हा फरक शेताच्या आखणीतच आला पाहिजे. आपल्या तालुक्याला तर निसर्गाने मोठे दान दिले आहे. पावसाळी वाटाणा आपला आहे, सीताफळ आपले आहे, आणि पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बटाट्याविषयी विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला सीताफळाचे डोळे उघडले म्हणजे काय, ते हातात देऊन दाखवा. फळ अजून कडक असताना घरी नेऊन दोन-तीन दिवसांनी कसे खायचे हे ज्याला समजले, ते गिऱ्हाईक पुढच्या रविवारी परत येते.

दुसरा उपाय म्हणजे शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एकच जागा घ्यावी आणि प्रत्येकाच्या क्रेटवर त्याच्या वाडीचे नाव लिहावे. शेजाऱ्याची वांगी आणि आपली मेथी एका फळीवर असणे यात काहीही लपवाछपवी नाही, कारण ती कुठून आली हे आपल्याला सांगता येते. अशा गटात एखाद्या घराकडे घेवड्याचे किंवा वांग्याचे गावठी बियाणे असेल तर त्याला आवर्जून जागा द्या. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणे जपण्याचे जे काम केले त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. त्या वाणांची चव यार्डातल्या लांबच्या प्रवासासाठी निवडलेल्या वाणांना नसते आणि तिची किंमत समोरासमोरच्या विक्रीतच मिळू शकते. शेवटची एक साधी सूचना: एक फलक रंगवून घ्या, त्याच्यावर आज काय आहे आणि पुढच्या रविवारी काय येणार आहे ते लिहा. "नाही" हे उत्तर मग "अजून दोन आठवड्यांनी" असे देता येते.

प्रश्न: यार्डात मेथीच्या जुडीला आठ रुपये मिळाले तर बाजारात आम्ही पंधराला विकतो. म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले. तरीही वर्षाअखेर हाती काही उरलेले दिसत नाही. चूक कुठे होते? (एक तरुण शेतकरी, जुन्नर तालुका)

उत्तर: चूक हिशेबात आहे, कष्टात नाही. आपल्याच आकड्यांवर एक उदाहरण मांडून पाहू. समजा, आपण २०० जुड्या काढल्या. यार्डात ८ रुपयांनी १,६०० रुपये होतात आणि गाडीत आपल्या वाट्याचे भाडे ३०० धरले तर १,३०० घरी येतात. आता त्याच २०० जुड्या बाजारात नेल्या. पालेभाजी शेवटपर्यंत सगळी खपत नाही, म्हणून ३० उरल्या असे धरू. १७० जुड्यांचे १५ रुपयांनी २,५५० रुपये झाले. त्यातून टेम्पोचे ६००, जागेचे १०० आणि दिवसभर बसलेल्या दोन माणसांची रोजंदारी ४०० प्रमाणे ८०० असे १,५०० रुपये वजा केले की हाती १,०५० उरतात. दुप्पट वाटणाऱ्या भावात आपण यार्डापेक्षा अडीचशे रुपयांनी मागे राहिलो.

बहुतेक घरांत ती ८०० रुपयांची ओळ लिहिलीच जात नाही, कारण ती दोन माणसे म्हणजे आपण आणि आपली आई किंवा पत्नी असतात. घरच्या माणसाचा दिवस फुकटचा धरण्याची आपली जुनी सवय आहे, आणि बाईमाणसाचा दिवस तर हमखास फुकटचा धरला जातो. तो दिवस कागदावर लिहा. लिहिल्यावर आपल्याला दोन गोष्टी दिसतील. एक, या मालाला २० रुपयांच्या खाली भाव बांधून चालणार नाही, कारण २० रुपयांना खर्च जाऊन १,९०० उरतात आणि तिथून पुढे बाजारात बसण्याला अर्थ येतो. दोन, ते दीड हजार रुपये आपण एक जिन्नस नेली काय किंवा पाच नेल्या काय, फारसे बदलत नाहीत. म्हणून त्याच टेम्पोत मेथीबरोबर कोथिंबीर, कांद्याची पात, काकडी, थोडी फुले असा माल असला तर खर्च सगळ्यांवर वाटला जातो. आपला खरा तोटा एकाच पिकाच्या भरवशावर बाजार धरण्यात आहे.

उरलेल्या ३० जुड्यांचेही बोलतो. दुपारनंतर भाव अर्ध्यावर आणण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती दर आठवड्याला ठराविक वेळी केली तर गिऱ्हाईक त्या वेळेचीच वाट पाहू लागते. त्यापेक्षा माल काढतानाच हात आखडता घ्यावा. मेथी ऊन कलल्यावर काढावी, मुळाची माती झटकावी, ओल्या गोणपाटात उभी ठेवून रात्रभर गार जागी राहू द्यावी. पहाटे गाडीत भरताना जुड्या एकावर एक दाबल्या तर खालची पाने काळवंडतात आणि उरलेल्या ३० जुड्यांपैकी निम्म्या त्या असतात.

प्रश्न: शेतकऱ्याने स्वतःचा माल थेट विकण्यासाठी परवाना लागतो का? आमच्या गावच्या बाजारात एकाने आम्हाला सांगितले की बाजार समितीची परवानगी नसेल तर माल जप्त होतो. वजनकाट्याचेही काही नियम आहेत का? (वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर: आपल्याला घाबरवले गेले आहे. राज्याच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीविषयक कायद्यातच स्वतःचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला आणि किरकोळ विक्रीला बाजार समितीच्या परवान्यातून सूट दिलेली आहे. ती सूट आजची नव्हे, मूळची आहे. पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त, म्हणजे बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळा केला, आणि त्याच सुमारास आडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरवण्याला वेग आला तोही त्याच काळात. त्या अभियानाला अरणच्या संत सावता माळी यांचे नाव आहे आणि त्याचे काम राज्य कृषी पणन मंडळाकडून पाहिले जाते. अशा बाजारात जागा हवी असेल तर मंडळाच्या जवळच्या कार्यालयात सातबारा उताऱ्यासह चौकशी करावी.

मात्र परवाना नको याचा अर्थ कुठेही बसावे असा होत नाही. गावचा आठवडी बाजार ज्या जागेवर भरतो ती सहसा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या ताब्यात असते आणि तिथे बसण्याची फी द्यावी लागते. फी दिली की पावती घ्यावी, आणि पावती न देता पैसे मागणाऱ्याला आपण शांतपणे पावतीच मागावी.

काट्याचा नियम मात्र शेतकऱ्यालाही लागू आहे. वैधमापन कायदा २००९ चा आहे आणि त्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी, तर दांडीचा तराजू आणि वजने यांची दर दोन वर्षांनी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. दगड किंवा जुने लोखंड वजन म्हणून वापरू नये. आपल्याकडे वजन झाल्यावर मूठभर वर घालण्याची रीत आहे. ती जरूर पाळावी, परंतु आधीचे वजन पुरे भरल्यानंतरच. खाद्यपदार्थांच्या कायद्याविषयी अनेकजण विचारतात. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा शेतकऱ्याच्या शेतावरच्या उत्पादनाला लागू होत नाही, पण त्याच कैरीचे लोणचे किंवा टोमॅटोची चटणी करून विकायला आणली की नोंदणी करावी लागते.

प्रश्न: मी नियमितपणे शेतकरी बाजारातून भाजी घेते. समोर बसलेला माणूस खरोखर शेतकरी आहे की व्यापारी, हे कसे ओळखावे? आणि "सेंद्रिय" असे लिहिलेल्या मालावर कितपत विश्वास ठेवावा? (गृहिणी, ठाणे)

उत्तर: पाटीकडे पाहा, मग माणसाला विचारा. एकाच घराच्या शेतात एकाच आठवड्यात वीस प्रकारच्या भाज्या क्वचितच निघतात, त्यामुळे सगळे काही असलेली फळी ही बहुधा विकत आणलेल्या मालाची असते. शेतातून थेट आलेली वांगी एकसारखी नसतात, काकडी वाकडी असते, मुळ्याला माती असते. ऐन पावसाळ्यात कोणी ताजा मटार, गाजर आणि कलिंगड एकत्र विकत असेल तर तो माल वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेला आहे. याहूनही खात्रीची गोष्ट म्हणजे बोलणे. हे बी कुठले, पेरले कधी, गेल्या पावसात काय झाले, पुढच्या आठवड्यात काय येईल, असे विचारल्यावर शेतकरी खुलतो आणि आपल्याला थांबवून सांगतो. बाजार भरवणाऱ्या संस्थेनेही तपास करायला हवा. सातबारावर आता पीक पाहणीची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो, ही पद्धत राज्यात ऑगस्ट २०२१ पासून आहे. ती नोंद पाहिली तर त्या शेतात काय उभे आहे हे कळायला वेळ लागत नाही.

सेंद्रिय या शब्दाबाबत थोडे स्पष्ट लिहितो. २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाला प्रमाणीकरण आवश्यक आहे आणि त्यासाठी एक तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालचे संस्थेचे प्रमाणपत्र असते किंवा शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेतांची पाहणी करून दिलेली सहभागी हमी असते. १२ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला यातून सूट आहे, पण त्याला जैविक भारत हे प्रमाणित सेंद्रिय मालाचे चिन्ह वापरता येत नाही. म्हणजे चिन्ह नाही याचा अर्थ माल खोटा असा होत नाही, आणि नुसते तोंडी सेंद्रिय म्हटले याचा अर्थ खरा असाही नाही. मला स्वतःला अशा शेतकऱ्याचा अधिक भरवसा वाटतो जो म्हणतो की मी अमुक औषध फवारले होते आणि फवारणीनंतर जितके दिवस थांबायला डब्यावर सांगितले आहे तितके थांबून मगच काढणी केली. आपण हा प्रश्न जरूर विचारा. तो अपमानाचा प्रश्न नाही, आणि बहुतेक शेतकऱ्यांना तो आजवर कोणी विचारलेलाच नसतो.

प्रश्न: आम्ही एप्रिल-मेमध्ये आमच्या बागेतला हापूस शहरात नेऊन विकतो. आम्ही आंबा अर्धकच्चा आणतो. गिऱ्हाइकाला आजच खायला पिवळाधमक हवा असतो. शेजारी पावडर टाकून पिकवलेला आंबा भराभर खपतो. आम्ही मागे पडतो आहोत. (बागायतदार, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, आणि फळे पिकवण्यासाठी त्याचा वापर कायद्याने बंद आहे. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असू शकतात आणि ते हाताळणाऱ्यालाही अपायकारक आहे. इथिलीन वायूच्या खोलीत ठराविक प्रमाणात पिकवायला परवानगी आहे, पण आपल्याकडे तर अढी आहे. भाताच्या पेंढ्यात आंबा आठ-दहा दिवसांत आपल्या चालीने पिकतो आणि त्याचा वास खोलीभर पसरतो.

अडचण गिऱ्हाइकाच्या घाईची आहे, तेव्हा उत्तरही तिथेच शोधावे. तोडणीचे दिवस मागेपुढे करून तीन अवस्थांतला आंबा बरोबर आणा: आज खाण्याजोगा, तीन-चार दिवसांनी होणारा आणि आठवड्याने होणारा. एकाच गिऱ्हाइकाला दोन डझन देताना तिन्हींतला थोडाथोडा द्या आणि कागदावर तारीख लिहून द्या. त्याला आठवडाभर रोज पिकलेला आंबा मिळतो आणि आपला कच्चा मालही खपतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली नसेल तर ती करून घ्या, कारण परप्रांतातला आंबा हापूस म्हणून शेजारी विकला जात असताना आपल्याजवळ दाखवायला काहीतरी हवे. पेटीत एखादा आंबा आतून साका (गर पांढरट आणि पोचट झालेला) निघाला, तर पुढच्या वेळी तो बदलून देईन हे आधीच सांगा. तो दोष बाहेरून दिसत नाही हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते.

प्रश्न: आम्ही मुरबाडकडच्या वाडीतल्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन तालुक्याच्या बाजारात बसतो. शहरातले लोक येतात, फोटो काढतात आणि कशी करायची माहीत नाही म्हणून न घेता जातात. भावही फार पाडून मागतात, म्हणतात ही तर फुकटची भाजी. यावर काय करता येईल? (बचत गटातील एक सदस्य, ठाणे जिल्हा)

उत्तर: फुकटची भाजी हे शब्द ऐकून मला वाईट वाटले. शेवळे निवडायला पहाटे डोंगरात जावे लागते, ओल्या गवतातून, विंचू-काट्यातून फिरावे लागते, आणि कुठली कोवळी, कुठली विषारी हे ओळखणारी नजर आजीपासून नातीपर्यंत आलेली असते. बियाणे आणि खत लागले नाही, पण दिवस लागला आणि ज्ञान लागले. म्हणून भाव ठरवताना जवळच्या मजुरीच्या कामावर त्या दिवशी जे मिळाले असते तेवढे तरी सुटले पाहिजे, हे गटाने एकत्र बसून ठरवावे आणि त्याखाली कोणीही जाऊ नये. शेजारी-शेजारी बसून एकमेकींचा भाव पाडला तर फायदा फक्त घासाघीस करणाऱ्याचा होतो.

गिऱ्हाईक न घेता जाते ते बहुतेक भीतीने. शेवळ्याने घसा खाजतो हे त्याने ऐकलेले असते, पण त्यात काकडे (काकडाच्या झाडाची आंबट फळे) घातले की खाज जाते हे त्याला माहीत नसते. म्हणून शेवळ्याचा वाटा लावतानाच त्यावर चार काकडे ठेवा आणि दोन्ही मिळून एकच भाव सांगा. कुलूच्या पातीतला मधला कडक दांडा काढायचा असतो. तो बसल्या जागी काढूनच जुडी बांधा. भारंगीची पाने उकळून ते पाणी टाकायचे आणि मग डाळीबरोबर किंवा वालाबरोबर परतायचे, हे तोंडाने सांगा. टाकळा कोवळा असेल तोवरच आणा, जून झाला की तो कडू लागतो आणि एकदा कडू खाल्लेले गिऱ्हाईक परत येत नाही. करटोली मात्र स्वतःच खपते, तिला फार सांगावे लागत नाही. जिथे आपल्याला स्वतःलाच ओळखीची पूर्ण खात्री नाही अशी पाने, कंद किंवा अळंबी कधीही विकायला आणू नका, अगदी मागणी असली तरी.

कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे आपल्या गटाने जागा मागावी आणि विक्रीबरोबर एक भाजी शिजवून चवीला ठेवावी. तालुक्याच्या बाजारातही हे करता येईल. एक लहान डबा, त्यात सकाळी घरून करून आणलेली कुलूची भाजी, आणि सोबत तांदळाच्या भाकरीचे तुकडे. ज्याने तो घास खाल्ला त्याला जुडी कशी करायची हे विचारावेसे वाटेल, आणि तेवढ्यात पुढची जुडी निवडून तयार ठेवावी.